उमरेड-कुही-भिवापूरचा रेल्वे इतिहास : तारखा जुळत नाहीत, आणि जुन्या खुणांपैकी आधी काय नोंदवायचं?

कुही_फाटा
नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व भागासाठी, म्हणजे कुही, उमरेड आणि भिवापूर या तीन तालुक्यांपुरती, रेल्वेच्या इतिहासाची चाळीसेक पानांची पुस्तिका करायची आहे. ती शाळांमध्ये वाटली जाईल, त्यामुळे चुकीचं वर्ष छापलं की पुढची वीस वर्षं तेच पाठ होणार. इतवारी–नागभीड छोटी लाईन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली आणि ब्रॉडगेजच्या कामात जुनं बरंचसं उखडलं गेलं.

अडचणी अशा :
लाईन सुरू झाल्याचं वर्ष कुठे १८८०, कुठे १९०८, कुठे १९१३ असं मिळतं. यातलं कोणतं धरायचं?
उमरेडला रेल्वे 'बुटीबोरीहून आली' असंही गावात सांगतात. मग इतवारीची लाईन कोणती?
जागेवर गेल्यावर जुना मार्ग ओळखायचा कसा, आणि कुंपणाला लावलेल्या रुळाच्या तुकड्यावर वर्ष दिसलं तर ते लाईनचं वर्ष समजायचं का?

मोतीबाग_शेड
तिन्ही वर्षं खरी आहेत, फक्त तीन वेगळ्या मार्गांची आहेत. घोळ होतो तो 'नागपूरला रेल्वे आली' हे एकच वाक्य सगळ्यांना लावल्यामुळे. तालुक्याचा इतिहास लिहिताना प्रत्येक तारखेसोबत चार गोष्टी लिहा : कुठून कुठपर्यंत, कोणतं गेज (दोन रुळांमधलं अंतर), कोणती कंपनी, आणि मालासाठी सुरू की प्रवाशांसाठी. यातली एक जरी सुटली तरी तारीख निरुपयोगी.

क्रम असा. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, भुसावळ-बडनेरा-वर्धा मार्गे नागपूरला पोचली. ती ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. त्यानंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वे पूर्वेकडे निघाली, ती मीटरगेज, १००० मिलिमीटर. तुमचं १८८० हे तिचं वर्ष. त्या लाईनचा कुही-उमरेडशी काही संबंध नाही, ती कामठी-भंडारा-तुमसरच्या अंगाने राजनांदगावकडे गेली.

आता याच मीटरगेजमुळे पुढचं सगळं घडलं. छत्तीसगडचा गहू आणि तेलबिया नागपूरला येत आणि इथे छोट्या वाघिणीतून (मालडब्यातून) काढून मोठ्या वाघिणीत भराव्या लागत. दुहेरी हमाली, पोती फुटणं, चोरी, पावसात भिजणं, आणि एका बाजूला वाघिणी रिकाम्या असताना दुसऱ्या बाजूला माल पडून. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने, म्हणजे बीएनआरने, ही लाईन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि १८९१ मध्ये थेट आसनसोलपर्यंत जोडली.

आणि मग त्याच बीएनआरने शाखा टाकताना ७६२ मिलिमीटरचं नॅरोगेज निवडलं. ज्या दुखण्यासाठी मीटरगेज काढलं तेच दुखणं इतवारी आणि गोंदियाला जाणूनबुजून पत्करलं. कारण पैसा : रूळ हलके, स्लीपर पाच फुटी (ब्रॉडगेजला नऊ फुटी लागतात), भराव अरुंद, जमीन कमी, आणि वळणं तीव्र चालत असल्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी वळसा घेता येतो. गोंदिया–नैनपूर १९०३, पुढे जबलपूर १९०५. गोंदिया–नागभीड आणि नागपूर–नागभीड १९०८. नागभीड–चांदा फोर्ट १९१३. म्हणजे तुमच्या तीन तालुक्यांचं वर्ष १९०८. १९१३ हे नागभीडच्या पलीकडचं.

१९२५ हेही एक वर्ष तुम्हाला भेटेल. ते नागपूर स्टेशनच्या आजच्या इमारतीचं. तिथे रेल्वे त्याच्या ५८ वर्षं आधी आली होती.

तारखांमध्ये एका वर्षाचा फरक दिसला तर घाबरू नका. जुने अहवाल ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे असतात, त्यामुळे '१९०८-०९' मधली घटना कोणी १९०८ लिहितो, कोणी १९०९. शिवाय लाईन तुकड्या-तुकड्याने उघडते, मालगाडी आधी धावते, सवारी गाडी नंतर. रेल्वे बोर्ड पूर्वी देशभरच्या मार्गांची प्रत्येक तुकड्याची उघडण्याची तारीख आणि मैल देणारी यादी छापत असे. मतभेद असेल तिथे ती यादी ग्राह्य धरा, १९०८ च्या जिल्हा गॅझेटिअरला नको. गॅझेटिअर छापायला गेलं तेव्हा लाईन एकतर नुकतीच सुरू झालेली, नाहीतर व्हायची होती.

बुटीबोरी–उमरेड ही निराळीच लाईन. ती ब्रॉडगेज, मध्य रेल्वेच्या नागपूर–वर्धा मार्गावरून फुटते आणि उमरेडच्या कोळशासाठी आहे. म्हणून उमरेडला दोन दिशांनी, दोन गेजची, दोन वेगळ्या रेल्वेंची लाईन आली. पुस्तिकेत नकाशा काढाल तेव्हा दोन्ही वेगळ्या रंगात दाखवा, नाहीतर मुलं एकच समजतील.

अजून एक. कंपनीचं नाव त्या-त्या काळाचंच लिहा. 'दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने १९०८ मध्ये बांधली' असं वाक्य सर्रास दिसतं. बीएनआर १ ऑक्टोबर १९४४ ला सरकारकडे गेली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत आली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली, आणि दक्षिण पूर्व मध्य (दपूम) २००३ पासून. त्यात नागपुरात मध्य रेल्वेचाही 'नागपूर विभाग' आणि दपूमचाही 'नागपूर विभाग'. माहिती अधिकारात अर्ज करताना विभाग चुकला तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. तुमच्या लाईनसाठी दपूमचा.

सातबारा_फेरफार
जमिनीच्या बाजूने सांगतो, कारण रूळ गेले तरी नकाशावरची पट्टी जात नाही.

आधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीट मिळवा. नागपूर शहर ५५ ओ/४ वर आहे. कुही ५५ ओ/८, उमरेड ५५ पी/५, भिवापूर पी/५ आणि पी/९ च्या सीमेवर, नागभीड पी/१०. शक्यतो एक इंच = एक मैल वाली जुनी आवृत्ती आणि नंतरची १:५०,००० दोन्ही घ्या. शीटच्या तळाशी खुणांच्या सूचीत ब्रॉडगेज आणि इतर गेज वेगळी दाखवलेली असतात, ती सूची आधी पाहा. शीटवर सर्वेक्षणाचं वर्ष आणि छपाईचं वर्ष अशी दोन वर्षं असतात. पुराव्याला सर्वेक्षणाचं वर्ष धरायचं.

मग गाव नकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात ज्या गावातून लाईन जाते त्या प्रत्येक गावाची शीट मागा. रेल्वेची पट्टी स्वतंत्र क्रमांकाने निघालेली दिसते आणि स्टेशनपाशी ती एकदम रुंद होते. सायडिंग, मालधक्का, क्वार्टर आणि विहीर यांच्यासाठी ती जागा. आज तिथे झुडपं असली तरी त्या पट्टीच्या रुंदीवरून कळतं की इथे नुसता थांबा होता की क्रॉसिंगचं स्टेशन.

नोंदीसाठी आपल्या विदर्भात १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी आहे, ती काढा. सोबत निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद. रेल्वेखालची जमीन, तिच्या कडेची वहिवाट, गुरांचा रस्ता हे त्यात सापडतं. आजच्या सातबाऱ्यावर विसंबू नका, त्यात मध्ये झालेले फेरफार असतात.

मूळ संपादन पाहिजे असेल तर १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालच्या अधिसूचना मध्य प्रांताच्या राजपत्रात निघत. कलम ४ म्हणजे इरादा, कलम ६ म्हणजे घोषणा. दोन्हीतलं क्षेत्रफळ जुळत नाही कधीकधी, कारण मध्ये आखणी सरकते. पुस्तिकेत कलम ६ चं क्षेत्र घ्या. गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगने असल्यामुळे एका गावाची तीन रूपं दिसतील, म्हणून नावाने शोधण्यापेक्षा तालुका आणि परगणा धरून शोधा.

गिट्टी_मुरूम
जागेवरच्या कामाबद्दल.

आधी काय नोंदवायचं याचं उत्तर : जे आधी जातं ते. लाईन बंद झाली की सर्वांत पहिले विकलं जातं ते लोखंड. रूळ, फिशप्लेट (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या), पोलादी स्लीपर, छोट्या पुलांचे गर्डर, सगळं लिलावात जातं. मग स्टेशनच्या इमारतीची दारं-खिडक्या आणि कौलं. मग भरावाचा मुरूम, तो तर रात्रीतून ट्रॅक्टरने उचलला जातो. सर्वांत शेवटपर्यंत टिकतात त्या दगडी मोऱ्या (भरावाखालून पाणी जाण्याची वाट), पुलांचे अंत्यपाद (दोन टोकांचे आधार) आणि विहिरी. म्हणून मोरीचे फोटो पुढच्या वर्षी काढले तरी चालेल, पण स्टेशनचा नावफलक उभा असेल तर उद्याच गाठा. आणि त्याच्याही आधी माणसं : कीमॅन, गँगमन, सांधेवाले, फाटकवाले. त्यांना 'आठवणी सांगा' म्हणू नका, काहीच हाती लागत नाही. विचारा : तुमची गँग कोणत्या किलोमीटरपासून कोणत्यापर्यंत? कोणत्या मोरीवर पावसाळ्यात पाणी चढायचं? माल कोणत्या महिन्यात जास्त? गिट्टी कुठून यायची? या चार प्रश्नांत अर्धा इतिहास निघतो.

अंतराबाबत सावध राहा. बीएनआरच्या कागदांत मैल आहेत, गँगमन सांगतो ते किलोमीटर. १ मैल = १.६०९. शिवाय मोजायला सुरुवात कुठून, हेही पाहा. नागपूर हे मुंबईपासून ८३७ किलोमीटर आणि हावड्यापासून ११३१. मुख्य लाईनवर इतवारीच्या बाजूचे दगड हावड्यापासून मोजलेले असतात आणि अजनीच्या बाजूचे मुंबईपासून. शाखेचे आकडे पुन्हा वेगळे. '४५/६' असं लिहिलेलं दिसलं तर ४५ वा किलोमीटर, ६ वा खांब.

मोरी पाहताना कठड्याच्या आतल्या बाजूला वाकून बघा. घडीव दगड आणि चुन्याचं काम मध्ये, दोन्ही टोकांना काँक्रीट, आणि त्यांच्यामध्ये उभी सरळ सांध : म्हणजे जुनी मोरी रुंद करून ब्रॉडगेजला घेतली आहे. नुसता काँक्रीटचा चौकोनी डबा दिसला तर जुनं गेलं समजा. गाळा किती फुटी, उंची किती, कमान की सपाट पाट्या, एवढं टेपने मोजून लिहा. फोटोत टेप किंवा मीटरपट्टी दिसलीच पाहिजे.

वळण मोजून गेज ओळखता येतं, थोड्या मर्यादेत. ११.८ मीटरची दोरी वळणाच्या बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोन टोकांना धरा आणि मधोमध दोरीपासून रुळापर्यंतचं अंतर मोजा. जितके सेंटिमीटर तितके अंश. त्रिज्या काढायची तर १७५० ला अंशांनी भागा, उत्तर मीटरमध्ये. ५ अंश म्हणजे ३५० मीटर. रूळ उखडलेले असतील तर भरावाच्या कडेवर ही दोरी लावू नका. कड ढासळलेली असते आणि दोन-चार सेंटिमीटरची चूक म्हणजे दोन-चार अंशांची चूक. त्यापेक्षा उपग्रह चित्रावर ११८ मीटरची जीवा, म्हणजे वळणाच्या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा, टाका, तिथे जितके मीटर तितके अंश. वळण लहान असेल तर ५९ मीटरची जीवा घ्या, पण मग एका अंशाला पाव मीटर धरायचं, अर्धा नाही. इथे हमखास चुकतात.

ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० अंश, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या चालते. नॅरोगेजला ४० अंशांपर्यंत मुभा. तेव्हा १० च्या वर आकडा आला तर त्या भरावावरून ब्रॉडगेज कधीच गेलेली नाही, हे छातीठोक लिहा. उलट मात्र सिद्ध होत नाही, कारण सौम्य वळण कोणत्याही गेजचं असू शकतं. खरं सांगायचं तर उमरेडच्या सपाटीवर ही युक्ती कमी कामाची, तिथे नवी लाईन बरीचशी जुन्याच भरावावर बसते. छिंदवाड्याच्या बाजूला भिमालगोंदी–भंडारकुंड घाटात हिचा खरा उपयोग.

रुळावरच्या वर्षाबद्दल : नाही, ते लाईनचं वर्ष नाही. ते रूळ कारखान्यात लाटल्याचं वर्ष. मुख्य लाईनवर झिजलेले रूळ उतरवून शाखांवर टाकायची रीतच होती. त्यामुळे १९०८ च्या लाईनवर १८९० चाही तुकडा मिळेल आणि १९५० चाही.

वऱ्हाडी_सिग्नल
राजेहो, नावांचा घोळ तेवढा सांगून ठेवतो, नाहीतर नकाशावर स्टेशन भलतीकडे जाईल.

स्टेशनच्या नावात 'रोड' असलं की गाव तिथे नाही असंच समजा. पवनी रोड म्हणजे पवनी नाही. भंडारा रोड वरठीला आहे, तुमसर रोड देव्हाडीला.

गुमगाव दोन. स्टेशन आहे ते नागपूर–वर्धा मार्गावर, बुटीबोरीच्या अलीकडे. मँगनीजची गुमगाव खाण सावनेर तालुक्यात, खाप्याजवळ. एका लेखात या दोघांना जोडून 'गुमगाव स्टेशनवरून मँगनीज जाई' असं लिहिलेलं पाहिलंय.

चांदाही (चंद्रपूरचं जुनं नाव) दोन. चंद्रपूर स्टेशन वर्धा–बल्लारशा लाईनवर, मूळचं जीआयपीचं. चांदा फोर्ट बीएनआरचं, नागभीडकडून येणारं. आणि इतवारीचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी जंक्शन. जुन्या प्रसंगात जुनंच नाव वापरा, कंसात नवं द्या.

आणि शकुंतला रेल्वे यात मिसळू नका भाऊ. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, १८९ किलोमीटर. पुलगाव–आर्वीही त्याच घराण्यातली. त्या खाजगी कंपनीच्या मालकीच्या होत्या, चालवत होती जीआयपी आणि नंतर मध्य रेल्वे. रुंदी तीच ७६२, पण तुमच्या लाईनचा मालक, इंजिनं, कारखाना सगळं वेगळं.

कुही_फाटा
सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी अजून. एका कुंपणातल्या तुकड्याच्या पोटावर (डोकं आणि तळ यांमधल्या उभ्या भागावर) अक्षरं आहेत, पण गंजामुळे वाचता येत नाहीत. तळाची रुंदी टेपने १०९-११० मिमी भरते, उंची १०८ मिमी. हा कोणता रूळ? आणि लाईनच्या कडेला पडलेला एखादा तुकडा शाळेत प्रदर्शनासाठी ठेवता येईल का?

गिट्टी_मुरूम
६० आर, म्हणजे यार्डाला ६० पौंड, मीटरला सुमारे ३० किलो. (पौंडाला ०.४९६ ने गुणलं की किलो मिळतात.) नव्या ६० आरची उंची ११४.३ आणि तळ १०९.५ मिमी. तुमच्या तुकड्याची उंची सहा मिमी कमी भरते, कारण डोकं चाकांनी झिजलंय. म्हणूनच रूळ ओळखताना उंचीवर जाऊ नका, तळाची रुंदी बघा, ती चाकाला लागत नाही. उंचीवर गेला असता तर ५० आर वाटला असता, त्याची उंची १०४.८ आहे पण तळ १०० चा. ७५ आरचा तळ १२२.२, ९० आरचा १३६.५. ५२ किलोचा तळही १३६ च्या आसपास, त्यामुळे तिथे मात्र उंचीच बघावी लागते : ९० आर १४२.९, ५२ किलो १५६. गंज पापुद्र्याचा असेल तर आधी खरवडा, नाहीतर तळाचे दोन-तीन मिमी फुगून येतात.

अक्षरांसाठी तारेचा ब्रश हलक्या हाताने, पाणी नाही, ग्राइंडर तर मुळीच नाही. मग संध्याकाळी टॉर्च रुळाला जवळजवळ समांतर धरून बाजूने उजेड टाका, उठावाची सावली पडते आणि फोटोत वाचता येते. खडू आडवा घासला तरी चालतं. साधारण कारखान्याचं नाव, रुळाचा प्रकार, महिना आणि वर्ष असतं. हीच अक्षरं रुळाच्या लांबीवर पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे एका ठिकाणी पुसली असतील तर तुकडा लांब असल्यास पुढे शोधा.

सातबारा_फेरफार
तुकडा उचलू नका. लाईन बंद असली तरी माल रेल्वेचाच. रेल्वे मालमत्ता बेकायदा ताबा कायदा १९६६ चा आहे आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) त्यात भंगारवाला आणि शिक्षक असा भेद करत नाही. मार्गावर परवानगीशिवाय फिरणं हाही रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा, आणि ब्रॉडगेजचं काम जिथे चालू आहे तिथे इंजिन केव्हाही येऊ शकतं. विभागीय कार्यालयाला शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करा : कोणतं स्टेशन, कोणत्या तारखा, किती माणसं, फक्त फोटो आणि मोजमाप. मुलांना प्रत्यक्ष वस्तू दाखवायच्या तर कडबी चौकाजवळचं मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय आहेच, डिसेंबर २००२ पासून.

मोतीबाग_शेड
संग्रहालयात न्याल तेव्हा मुलांकडून एक मोजमाप करून घ्या : दोन रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर, वरच्या पृष्ठापासून साधारण १३-१४ मिमी खाली. ७६२ यायला हवं. बरेच जण रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात आणि ८२० सांगतात.

पुस्तिकेत लाईन का बंद पडली यावर एक पान असू द्या, पण 'ट्रक आले' एवढ्यावर सोडू नका. लाईन शंभर किलोमीटरच्या थोडी वर. इतवारीला माल उतरवून पुन्हा भरायचा, आणि नव्वदच्या दशकात गोंदिया–चांदा फोर्ट ब्रॉडगेज झाल्यावर नागभीडलाही तेच. दोन्ही टोकांना दुहेरी हमाली असलेल्या एवढ्याशा अंतरावर भिवापूरची मिरची किंवा नागभीडकडचा तांदूळ शेतातून एकदाच भरून थेट नागपूरच्या कळमना बाजारात उतरवणारा ट्रक स्वस्त पडणारच. पुढे १ डिसेंबर २०१५ ला नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज लाईन बंद झाली आणि शेवटची चार वर्षं नागपूर विभागात ही लाईन एकटीच उरली. सुटे भाग, डबे, डिझेल इंजिनं, सगळं एका मोतीबागेच्या रेल्वे कारखान्याच्या भरवशावर. त्या चार वर्षांची वेळापत्रकं मिळाली तर जरूर छापा. इतवारीहून सुटण्याची आणि नागभीडला पोचण्याची वेळ शेजारी-शेजारी ठेवा आणि सरासरी वेग मुलांनाच काढू द्या.